गोव्यात नव्याने कामाला आलात? पाय घसरू नये म्हणून काय बघायचं, आणि पडलात तर काय करायचं

सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, चंदगड, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातून दरवर्षी किती पोरं-पोरी गोव्यात कामाला येतात. कुणी कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलात, कुणी वेर्णा नाहीतर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, कुणी मोपा विमानतळावर, कुणी बांधकामावर. रुजू होताना पगार किती, राहायची सोय काय, सुट्टी कधी, हे सगळं विचारून घेतलं जातं. मागच्या जिन्याची कुठली पायरी हलते हे मात्र कुणी विचारत नाही, आणि आपणहून कुणी सांगतही नाही.

जिथे जुना माणूस न बोलता पाऊल जपून टाकतो, नेमका तिथेच नवा माणूस पडतो. म्हणून पडलेल्याला 'धांदरट' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पहिल्या महिन्यात तुम्हाला जागा माहीत नसते, 'हे काम मी असं करणार नाही' म्हणायचा धीर नसतो आणि पडल्यावर कुणाला सांगायचं तेही ठाऊक नसतं. या तीन गोष्टींची तयारी करता येते. क्रमाने सांगतो.

रुजू होण्याआधी: कागद

पहिला प्रश्न: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे का? साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनात महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. तुमच्या पगारातून 0.75 टक्का कापला जातो, मालक 3.25 टक्के भरतो. म्हणजे 16,000 पगार असेल तर पावतीवर 120 रुपयांची कपात दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर पहिल्याच महिन्यात विचारा आणि विमा क्रमांक मागून घ्या. आजारपणाच्या भत्त्यासाठी आधी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. कामावर झालेल्या इजेला ती अट नाही. पहिल्या दिवशी पडलात तरी संरक्षण आहे. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि 'तू तर कालच आलास' असं सांगून त्यांना परत पाठवलं जातं.

दुसरा प्रश्न: आपण नक्की कुणाचे कामगार? कंत्राटदारामार्फत आला असाल तर त्याचं पूर्ण नाव आणि ज्या कंपनीच्या किंवा हॉटेलच्या जागेत काम करता तिचं नाव, दोन्ही लिहून ठेवा. हजेरीच्या पानाचा, गेटपासचा, पगार खात्यात जमा झाल्याच्या संदेशाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. रोख पगार घेणाऱ्यांनी तर हे अगदी न चुकता करावं. उद्या 'हा आमच्याकडे नव्हताच' असं कुणी म्हणालं, तर तोच पुरावा.

बांधकामावर असाल आणि गेल्या बारा महिन्यांत 90 दिवस असं काम केलं असेल, तर 18 ते 60 वयात गोव्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. शिवाय बँकेत वर्षाला 20 रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख मिळतात.

पहिला दिवस: जागा फिरून बघा

काम समजावून घेण्याआधी जागा समजावून घ्या. सगळ्यात चांगला गुरू म्हणजे तिथे लादी पुसणाऱ्या मावशी. त्यांना सरळ विचारा, "मावशी, इथे माणसं कुठे पडतात?" त्या बोटाने दाखवतील. भांडी घासायच्या मोरीसमोरची जागा, गोदामाच्या दारातली एकच पायरी, जनरेटरच्या मागची तेलकट फरशी. सुपरवायझरला जे आठवणार नाही ते त्यांना पाठ असतं.

मग स्वतः बघा. फरशी कुठे बदलते? खरखरीत लादीवरून गुळगुळीत ग्रॅनाइटवर येताना पाय फसतो, कारण शरीर आधीच्या फरशीच्या अंदाजाने चालत असतं. एकुलती एक पायरी कुठे आहे? पूर्ण जिना दिसतो, एकच पायरी असली तर ती दिसत नाही. जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का? जुन्या गोवेकर घरांतून हॉटेलं झाली आहेत, तिथल्या चिऱ्याच्या पायऱ्यांत एखादी हमखास बोटभर उंच निघते आणि भरलेला ट्रे घेऊन चढणारा तिथेच अडखळतो. गटारावरची जाळी हलते का? भर उन्हातून आत काळोख्या गोदामात शिरताना थोडा वेळ काही दिसत नाही. दारात क्षणभर थांबायची सवय लावा.

ओझं नेताना पायाखालची जमीन दिसली पाहिजे. खोकी डोळ्यांपर्यंत रचून एका खेपेत नेण्यापेक्षा दोन खेपा करा. जिन्यावर एक हात कठड्यावर राहील एवढंच घ्या.

चप्पल-बूट

यावर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण रबरी स्लीपर घालून कामाला उभं राहू नका. टाच बंद, बोटं झाकलेली आणि तळाला खोल खाचा असलेला बूट हवा. खाचा पाणी आणि तेल बाजूला सारतात. झिजून तळ सपाट झाला की तेलाचा पापुद्रा मधेच अडकतो. खाचांत पीठ, भाताची शितं, सिमेंट भरलं की नवा बूटही घसरतो, म्हणून आठवड्यातून एकदा जुन्या दातांच्या ब्रशने तळ घासा. बूट एक नंबर मोठा 'चालेल' असं म्हणून दिला तर घेऊ नका. कामासाठी लागणारी संरक्षक पादत्राणं देणं हे मालकाचं काम आहे, मागायला संकोच नको.

स्वयंपाकघर

हॉटेलात नवीन लागणाऱ्यांपैकी बरेच जण किचन-मोरीतच सुरुवात करतात, म्हणून इथे जरा थांबतो.

मासे तळायच्या कढईजवळची फरशी कोरडी दिसते, पण तिच्यावर उडालेल्या तेलाचा इतका पातळ थर असतो की डोळ्यांना कळत नाही. बुटाचा तळ हलकेच मागे ओढून बघा. सर्रकन गेला तर तेल आहे. आता त्यावर कुणी ओला पोछा फिरवला की काय होतं? कढईजवळचं तेल तेवढ्यापुरतं न राहता त्याच पाण्यातून सबंध वाटेवर जातं, अगदी जेवण बाहेर नेण्याच्या दारापर्यंत. पुसलेलं दिसतं, म्हणून माणूस बिनधास्त चालतो.

तेल सांडलं तर असं करा. जागा सोडू नका. तिथेच उभे राहून हाक मारा आणि दुसऱ्याला सामान आणायला सांगा. आधी भुसा, जुने कागद किंवा कोरडं फडकं टाकून तेल शोषून घ्या. मग गरम पाणी आणि डब्यावर लिहिलेल्या मापाएवढाच साबण. जास्त साबण ओतला तर त्याचाच निसरडा थर मागे राहतो. दोन-चार मिनिटं मुरू द्या, कडक ब्रशने घासा, वायपरने पाणी मोरीकडे ओढा, स्वच्छ पाण्याने परत धुवा आणि कोरडं करा. धुताना वाट अर्धी-अर्धी करून धुवा, म्हणजे चालायला एक बाजू कोरडी राहते. पिवळी पाटी लावा, पण पाटी लावली म्हणून फरशी सुकत नाही.

गरम पातेलं घेऊन कुणाच्या पाठीमागून जाताना 'मागून, गरम!' असं मोठ्याने म्हणायचं. लाजायचं काही कारण नाही, चांगल्या किचनात सगळे म्हणतात. गरम तेलाची कढई हलवायला कुणी सांगितलं तर तेल निवेपर्यंत थांबा. घसरून पडणं एक, आणि हातात उकळतं तेल घेऊन पडणं अगदी वेगळं.

पावसाळा

मिरगापासून चार महिने गोवा ओला असतो. वर्षाचा पाऊस 3,000 मिलिमीटरच्या आसपास. चिऱ्याच्या पायऱ्या, अंगण, गच्ची, पागोळ्यांखालची जमीन, सगळीकडे शेवाळ धरतं आणि ते उन्हात वाळल्यासारखं दिसलं तरी पहिल्या सरीबरोबर बुळबुळीत होतं. पावसाआधी, आणि पावसातही उघडीप मिळेल तशी, तारेच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने वापरातल्या पायऱ्या घासायला हव्यात. ब्लीचिंग कधीही संडास धुवायच्या ॲसिडबरोबर मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दारात पाय पुसायला टाकलेलं गोणपाट भिजलं की स्वतःच घसरतं आणि कड दुमडली की पायात अडकतं. त्याऐवजी खाली रबर असलेली जाड पायपुसणी मागा, आणि भिजली की बदला.

मालीम, खारीवाडा, कुटबण अशा मासळीच्या धक्क्यांवर काम असेल तर बर्फ, खवले आणि माशांचा चिकट स्राव कायमचाच. तिथे गमबुटाशिवाय उतरू नका. होडी आणि धक्का यांच्यामधल्या फळीवरून क्रेट घेऊन एकट्याने जाऊ नका; क्रेट हातोहात द्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा डागडुजी आणि रंगकामासाठी माणसं किनाऱ्यावर ओढलेल्या ट्रॉलरवर चढतात. ते उंचीवरचंच काम समजा.

उंचीवरचं काम

फरशीवर पडून हाड मोडतं, उंचीवरून पडून माणूस जातो किंवा जन्माचा अंथरुणाला खिळतो. म्हणून इथे नवीन माणसाने 'जमेल' म्हणू नये.

शिडी: टेकलेली जागा चार फूट वर असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून एक फूट बाहेर, हे माप. बारा फुटांवर टेकवली तर तीन फूट. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या तीन फूट वर आली पाहिजे, म्हणजे उतरताना धरायला काही राहतं. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम शिडीवर. हत्यारं कमरेच्या पिशवीत, हातात नाही. बाजूला वाकून हात पोचवू नका; उतरा, शिडी सरकवा, परत चढा.

परांची: फळ्या बांधलेल्या हव्यात, नुसत्या ठेवलेल्या नव्हेत. कडेला कठडा हवा. पट्टा, म्हणजे पूर्ण अंगाचा हार्नेस, नुसता घालून उपयोग नाही. त्याचा हुक डोक्याच्या वर पक्क्या आधाराला लावलेला असला पाहिजे. हुक लावायला जागाच नसेल तर ते काम अजून सुरू करण्यासारखं झालेलं नाही. हार्नेसला लटकलेल्या माणसाला लगेच खाली घ्यावं लागतं, फार वेळ लटकणंही जिवावर येतं. ते कसं करायचं हे आधी ठरलेलं हवं.

आता एक गोष्ट नीट डोळ्यांसमोर आणा. नव्या इमारतीत स्लॅबमध्ये डक्टसाठी भोक ठेवलेलं असतं आणि त्यावर प्लायवूड झाकलेलं असतं. साफसफाई करणारा पोरगा येतो, त्याला तो रिकामा पडलेला प्लाय वाटतो. तो वाकून प्लाय दोन्ही हातांनी उचलतो, छातीसमोर धरतो आणि नेण्यासाठी एक पाऊल पुढे टाकतो. पुढे भोक असतं आणि प्लाय समोर असल्याने त्याला ते दिसत नाही. असे अपघात बांधकामावर पुन्हा पुन्हा होतात. म्हणून स्लॅबवर आडवा पडलेला कुठलाही प्लाय, पत्रा, फळी मुकादमाला विचारल्याशिवाय उचलू नका. मुकादम असाल तर झाकण खिळ्यांनी ठोकून घ्या आणि त्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत 'खाली भोक' लिहा, मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्येही.

एप्रिल-मे मध्ये घरं शाकारायची कामं निघतात. जुन्या कौलांवर थेट पाय देऊ नका. वाशांवर आडवी शिडी किंवा फळी टाकून तिच्यावरून सरका. सिमेंटचे पत्रे तर मुळीच भरवशाचे नाहीत. वरून धडधाकट दिसतात आणि माणसाच्या वजनाने एका क्षणात फुटतात. गोदामांच्या छपरांवर गळती काढायला चढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. माडावर पाडपासाठी, म्हणजे नारळ पाडायला, चढणाऱ्यांना नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा विमा योजना आहे, ती घ्यावी. पावसाने भिजलेल्या माडावर मात्र विमा असला तरी चढू नये.

पडलात, किंवा सोबतचा पडला: पहिली दहा मिनिटं

लगेच उठवू नका. लोक प्रेमापोटी बगलेत हात घालून उभं करतात, आणि मान किंवा कणा मोडलेला असेल तर त्यातच कायमचं नुकसान होतं. उंचीवरून पडला असेल, मान-पाठ दुखत असेल, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर आहे तिथेच ठेवा, डोकं-मान दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावली करा. पाणी पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं.

रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. हात किंवा बोटं दुखावली असतील तर अंगठी, बांगड्या लगेच काढा. सूज आल्यावर कापाव्या लागतात. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. तेल लावून चोळणं किंवा हाड बसवून घेणं हे एक्स-रे झाल्याशिवाय नाही.

डोक्याला मार बसला आणि माणूस 'ठीक आहे' म्हणाला, तरी त्या रात्री त्याला खोलीत एकटं झोपू देऊ नका. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, झोपेतून नीट जाग न येणं, झटके, नाका-कानातून पाण्यासारखं किंवा रक्ताळ येणं, यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका.

घसरताना माणूस हात टेकवतो, आणि मनगटाचं एक छोटं हाड मोडतं. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो. तिथे दाबल्यावर कळ आली तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. हे हाड पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी परत काढावा लागतो. 'मुरगळलंय' म्हणून सोडून दिलेलं हे हाड जुळत नाही आणि पुढे पकड कायमची कमजोर होते.

हॉस्पिटलात काय बोलायचं

गंभीर मार असेल तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. इतर वेळी उत्तरेत म्हापशाचं, दक्षिणेत मडगावचं जिल्हा हॉस्पिटल. ईएसआयचं स्वतःचं हॉस्पिटलही मडगावला आहे. जीव धोक्यात असताना ईएसआय कुठलं, आधारकार्ड कुठे, हे शोधत बसू नका. 108 जिथे नेईल तिथे जा.

केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, कसं लागलं? खरं सांगा. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी, अमुक काम करताना पडलो. बरोबर आलेला कुणीतरी 'खोलीवर बाथरूममध्ये पडला' असं सांगून मोकळा होतो, आणि पोरगं वेदनेत असतं, नवीन असतं, म्हणून गप्प बसतं. याचा मला फार राग येतो. तो एक शब्द कागदावर गेला की भरपाईचा सगळा दावा त्याच्याशी भांडत राहतो. पोलिसांत नोंद होईल म्हणून भीती घातली जाते. मेडिको-लीगल नोंद हा हॉस्पिटलचा नेहमीचा रिवाज आहे, त्यात तुमच्यावर कुठलाही गुन्हा येत नाही. बोलता येत नसेल तर भावाला, मित्राला, खोलीतल्या कुणालाही बोलावून घ्या आणि त्याला सांगायला लावा.

त्याच दिवशी कळवायचं

सुपरवायझरला तोंडी सांगा आणि लगेच व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवा: वेळ, जागा, काय करत होतो, कुणी पाहिलं, कुठे लागलं. पडल्या जागेचा फोटो धुवून टाकायच्या आधी काढा. मालकाकडे अपघातांची नोंदवही असते, तिच्यात नाव चढलं का ते विचारा. मार किरकोळ वाटला तरी कळवा. पाठीचं दुखणं दोन दिवसांनी उसळतं.

ईएसआय असेल तर मालकाने अपघाताचा अहवाल पाठवायचा असतो आणि तुम्ही ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला घ्यायचा. काम तीन दिवस किंवा जास्त बंद राहिलं तर सरासरी रोजच्या वेतनाच्या 90 टक्के दराने भत्ता मिळतो, काम करता येत नाही तोवर. कायमचं व्यंग राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्याप्रमाणे पैसे मिळत राहतात. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही यात येऊ शकतो. बांद्याहून रोज बसने म्हापशाला येणाऱ्यांनी म्हणून तिकीट फेकू नये.

ईएसआय नसेल तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा होता, तो 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मागता येतो, म्हणून औषधाची प्रत्येक पावती ठेवा. कंत्राटदार पळाला तर ज्याचं काम चालू होतं त्या मूळ मालकाकडे मागता येतं. कोऱ्या कागदावर किंवा 'सगळे पैसे मिळाले' अशा मजकुरावर सही करू नका. पाच-दहा हजार हातावर ठेवून असे कागद पुढे केले जातात, आणि नेमकं तेव्हाच घरी पैशांची निकड असते. घेतलेल्या पैशाची फक्त तेवढ्याच रकमेची पावती द्या.

अडलं तर पणजीत पाटो भागातल्या श्रम शक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. कारखान्यातल्या धोक्याची तक्रार पणजीतल्याच आल्तिनो टेकडीवरच्या कारखाने व बाष्पक निरीक्षणालयात करता येते. मराठीतून अर्ज लिहून दिला तरी चालतो. दोन प्रती न्या आणि एकीवर पोचेचा शिक्का घ्या.

परत कामावर जाताना

डॉक्टरांचा 'कामास योग्य' असा दाखला घेतल्याशिवाय रुजू होऊ नका, आणि त्यात ओझं, शिडी, उभं राहणं यावर काही बंधन असेल तर ते लिहून मागा. प्लास्टर निघालेला पाय सुरुवातीला पहिल्यासारखा तोल सांभाळत नाही. काही आठवडे मोरी आणि जिना सोडून बसून करायचं काम मागा: भाजी निवडणं, कपड्यांची मोजणी, गेटवरची नोंद. आणि पडलात ती जागा दुरुस्त झाली का, ते पहिल्या दिवशी जाऊन बघा. झाली नसेल तर परत लिहून कळवा, या वेळी फोटोसकट, आणि त्या आठवड्यात जो कुणी नवीन लागला असेल त्याला ती जागा स्वतः नेऊन दाखवा.